हवामान बदल आणि अणुवीज: माडबनच्या सड्यावरून पडलेला प्रश्न

कातळसडा (धागाकर्ता)

नमस्कार. माझे मूळ गाव राजापूर तालुक्यात, माडबनपासून फार लांब नाही. 2010-11 मध्ये तिथे होऊ घातलेल्या जैतापूर अणुवीज प्रकल्पाविरुद्धच्या सभांना मी पुण्याहून रातराणीने जात असे. एप्रिल 2011 मध्ये नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एक आंदोलक मृत्युमुखी पडला, तेव्हा माझ्यापुरता तरी हा विषय कायमचा मिटला असे मला वाटले होते. आता तो पुन्हा उघडला आहे, आणि उघडला आहे तो आमच्या हापूसच्या कलमांनी. मोहोर वेळेवर धरत नाही, धरलाच तर अवकाळी पावसात काळा पडतो, आणि त्यातून वाचलेली फळे मार्च-एप्रिलच्या उन्हात भाजतात. ज्या बागांसाठी आम्ही प्रकल्प नको म्हणालो त्या बागांवर संकट आले ते वेगळ्याच दिशेने, हे मान्य करताना थोडे अवघडल्यासारखे होते.

आंतरशासकीय हवामान बदल समितीच्या 2014 च्या अहवालानुसार, खाणीपासून मोडीत काढण्यापर्यंतचे सगळे उत्सर्जन धरले तर कोळशाच्या एका युनिटमागे साधारण 820 ग्रॅम, सौर विजेमागे 40 ते 48 ग्रॅम आणि अणुविजेमागे 12 ग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतका भार हवेवर पडतो. पवनऊर्जा अणुविजेच्याच आसपास आहे. देशाची सुमारे तीन चतुर्थांश वीज आजही कोळशातून येते. अणुवीज जेमतेम तीन टक्के आहे, आणि सुमारे 9 गिगावॅटची (1 गिगावॅट म्हणजे 1,000 मेगावॅट) ही क्षमता 2047 पर्यंत 100 गिगावॅटवर नेण्याचे उद्दिष्ट 2025 च्या अर्थसंकल्पात जाहीर झाले.

माझा प्रश्न असा आहे: हवामानाच्या कारणासाठी आपल्याला अणुवीज खरोखरच लागणार आहे का? आणि लागणार असेल, तर 2011 मध्ये आम्ही चुकलो होतो का? पक्षीय राजकारण बाहेर ठेवून उत्तरे द्यावीत, ही विनंती.

मधली सुट्टी

आमच्या इमारतीची लिफ्ट "येत्या आठवड्यात" दुरुस्त होणार असल्याची पाटी दिवाळीपासून लागलेली आहे, त्यामुळे 2047 ही तारीख वाचून मला तरी अजिबात धक्का बसला नाही.

हिशोबनीस

मधली सुट्टी यांनी विनोदाने लिहिले आहे, पण या विषयाचे मर्म तेच आहे असे मला वाटते. अणुऊर्जा विभागाने 1980 च्या दशकात 2000 सालापर्यंत 10,000 मेगावॅटचे उद्दिष्ट ठेवले होते, आणि ते साल उजाडले तेव्हा हाती तीन हजारांच्याही आतला आकडा होता. पुढे 2020 साठी 20,000 मेगावॅट ठरले, आणि प्रत्यक्षात 6,780 मेगावॅटवर थांबावे लागले. यामागे कारणे होती, हे मला ठाऊक आहे. 1974 च्या अणुचाचणीनंतर तंत्रज्ञान आणि इंधन दोन्हींची दारे बंद झाली आणि ती उघडायला 2008 उजाडावे लागले. परंतु कारणे कितीही खरी असली तरी वातावरणातला कार्बन त्यांची दखल घेत नाही.

आता धागाकर्त्यांच्या पहिल्या प्रश्नाचे गणित मांडतो. गुजरातमधल्या काक्रापारच्या तिसऱ्या अणुभट्टीचे काम नोव्हेंबर 2010 मध्ये सुरू झाले आणि तिने व्यावसायिक उत्पादन सुरू केले 30 जून 2023 रोजी. त्या वर्षी जन्मलेले मूल तोवर सातवी उत्तीर्ण झाले, आणि मिळाले किती, तर 700 मेगावॅट. याउलट केवळ 2024 या एका वर्षात देशात सुमारे 24 गिगावॅट सौर क्षमता उभी राहिली. सौर पॅनेल वर्षभराच्या सरासरीने क्षमतेच्या पाचव्या हिश्शाइतकीच वीज देते आणि अणुभट्टी 85 टक्क्यांपर्यंत देते, हा फरक वजा केला तरी त्या एका वर्षातली सौरवाढ साडेपाच गिगावॅट अणुविजेच्या तोडीची ठरते. म्हणजे 700 मेगावॅटच्या जवळपास आठ अणुभट्ट्या, एका वर्षात, आणि एकही गोळीबार न होता.

जुना जनित्रवाला

हिशोबनीस, आपले गणित बरोबर आहे, फक्त ते वर्षाच्या शेवटी मांडलेले आहे. वीज वर्षाच्या शेवटी लागत नाही, ती संध्याकाळी सात वाजता लागते.

मी एकतीस वर्षे कोळशाच्या वीजकेंद्रांत काढली. 500 मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालला की दिवसाला कोळशाच्या दोन मालगाड्या खातो. आपल्या कोळशात राखच तीस ते चाळीस टक्के असल्यामुळे त्या खाण्यातून जे मागे उरते त्याचे काय करायचे, हा प्रश्न रोज नव्याने उभा राहतो. राखेच्या तळ्याशेजारच्या गावात वाळत घातलेले धोतर संध्याकाळी कोणत्या रंगाचे होते, ते मी पाहिलेले आहे. त्यामुळे कोळशाची वकिली माझ्याकडून होणार नाही. पण सूर्य कलला की कळव्याच्या भार प्रेषण केंद्रातून निरोप येतो तो "लोड वाढवा" असा, आणि तो निरोप पॅनेलला देता येत नाही. आज त्या निरोपाला कोळसा "हो" म्हणतो. मला कोळसा बंद करायचा आहे, म्हणूनच मी विचारतो आहे की उद्या "हो" कोण म्हणणार?

कारवारजवळच्या कैगा अणुवीजकेंद्राचा पहिला संच 2018 अखेरपर्यंत सलग 962 दिवस न थांबता चालला, तो त्या वेळचा जागतिक विक्रम होता. गोव्याकडच्या वाचकांच्या घरी त्यातली काही वीज आलेलीच असेल. 962 दिवस म्हणजे तीन पावसाळे.

हिशोबनीस

काका, अणुभट्टीलाही "लोड वाढवा" हा निरोप फारसा आवडत नाही. ती रात्रंदिवस एकाच चालीने चालते, आणि तिचा भांडवली खर्च पाहता तसे चालवण्यातच फायदा असतो. संध्याकाळच्या चढासाठी आपल्याकडे घाटघर आहे. वर अकोले तालुक्यात एक जलाशय, खाली शहापूरच्या बाजूला चोंढे येथे दुसरा, स्वस्त विजेने पाणी वर चढवायचे आणि गरजेच्या वेळी 250 मेगावॅट वीज करून घ्यायची. हा प्रकल्प 2008 पासून चालू आहे. सह्याद्रीत अशा जागा आणखी आहेत, आणि बॅटरीचे भाव उतरत आहेत ते वेगळेच.

पावसाळ्याचे म्हणाल तर जून ते सप्टेंबर या काळात ऊन कमी असते तेव्हाच साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या सर्वाधिक फिरतात. निसर्गाने ही सोय केलेली आहे.

जुना जनित्रवाला

घाटघर मी पाहिलेले आहे आणि ते उत्तम आहे. पण ते सहा तासांचे उत्तर आहे, आणि वाऱ्याच्या भरवशावर रुग्णालय चालत नाही. उन्हाचे आणि वाऱ्याचे प्रमाण साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत नेणे सोपे आहे असे मीही म्हणेन. अवघड आहेत ते शेवटचे तीस टक्के.

इझारकाठी

मी गेली अठरा वर्षे बव्हेरियात लँड्सहुटजवळ राहते. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून इझार-2 या अणुवीजकेंद्राच्या शीतकरण मनोऱ्यातून निघणारी वाफ दिसत असे, आणि वारा कुठून आहे हे आम्ही तिच्याकडे बघून ठरवत असू. 15 एप्रिल 2023 रोजी ती थांबली. त्या दिवशी जर्मनीच्या उरलेल्या तिन्ही अणुभट्ट्या बंद झाल्या.

जर्मनीने सौर आणि पवन ऊर्जा किती वाढवली हे मी रोज पाहते, आणि अणुभट्ट्या बंद झाल्यावर कोळसा वाढला हा सर्रास केला जाणारा दावाही खरा नाही, कारण त्यानंतर कोळशाचा वापर आणखी खाली आला. पण क्रमाचा प्रश्न उरतोच. त्याच वर्षी जानेवारीत ऱ्हाइनलँडमधले ल्युत्झेरात हे गाव पोलिसांनी रिकामे केले, आणि तेही तपकिरी कोळशाची खाण वाढवण्यासाठी. तीन महिन्यांनी चांगल्या चालत्या अणुभट्ट्या बंद केल्या. आधी कोळसा बंद करून नंतर अणुवीज बंद केली असती तर मधल्या वर्षांतले उत्सर्जन टळले असते, हे साधे त्रैराशिक आहे. शेजारच्या फ्रान्समध्ये सुमारे सत्तर टक्के वीज अणुभट्ट्यांची, आणि युनिटमागचे उत्सर्जन जर्मनीच्या कित्येक पट कमी आहे.

तरीही माझ्या जर्मन सासूबाईंना मी मूर्ख म्हणणार नाही. 1986 च्या मे महिन्यात, चेर्नोबिलनंतर, त्यांनी लहान मुलांना अंगणातल्या वाळूत खेळू दिले नव्हते, आणि बव्हेरियाच्या जंगलातली रानडुकरे व अळिंबी यांची किरणोत्साराची तपासणी अजूनही होते. कचऱ्याचीही गोष्ट आहेच. आसे येथील जुन्या मिठाच्या खाणीत सुमारे 1,26,000 पिंपे पुरली, पुढे खाणीत पाणी झिरपू लागले, आणि आता ती पिंपे पुन्हा वर काढायची आहेत.

मधली सुट्टी

थोडक्यात, माळ्यावर टाकलेल्या वस्तू कधीतरी खाली काढाव्याच लागतात, हा नियम जर्मनांनाही चुकलेला नाही.

रानवाटा

जर्मनी आणि फ्रान्स यांची विजेची मागणी वाढायची थांबली आहे, आपली दर वर्षी वाढते आहे. तिथे प्रश्न आहे तो काय बंद करायचे हा, आणि इथे प्रश्न आहे काय बांधायचे हा. चालू अणुभट्टी बंद करणे चुकीचे असू शकते आणि तरीही नवी बांधणे परवडणारे नसू शकते. ही दोन विधाने एकमेकांना खोडत नाहीत.

दर्यावर्दी

मी पालघर जिल्ह्यातला, मच्छीमार कुटुंबातला. तारापूरचे पहिले दोन संच 1969 मध्ये सुरू झाले, तेव्हा माझे आजोबा तरुण होते. तिसऱ्या आणि चौथ्या संचासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली, आणि त्यांच्या पुनर्वसनाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. धाग्यात आतापर्यंत सगळे हवेबद्दल बोलले, म्हणून मी पाण्याबद्दल लिहितो.

अणुभट्टीत जेवढी उष्णता तयार होते तिच्या साधारण एक तृतीयांशाची वीज होते आणि बाकीची समुद्रात जाते. जैतापूरला ठरलेल्या प्रत्येक भट्टीची विद्युत क्षमता 1,650 मेगावॅट आणि औष्णिक क्षमता सुमारे 4,500 मेगावॅट आहे. म्हणजे प्रत्येकी जवळजवळ 2,900 मेगावॅट उष्णता पाण्यात, आणि अशा सहा भट्ट्या. पाण्याचे तापमान सात अंशांपेक्षा जास्त वाढू द्यायचे नाही असे धरले, तर सेकंदाला सुमारे 600 घनमीटर पाणी आत घेऊन गरम करून बाहेर सोडावे लागते. धरणाच्या भाषेत सांगायचे तर 21 हजार क्युसेक. धरणातून एवढा विसर्ग सुरू झाला की नदीकाठच्या गावांत भोंगा वाजतो. इथे तो विसर्ग वर्षाचे बाराही महिने, कोमट पाण्याचा, आणि समोर साखरी नाट्यासारखे मासेमारीवर जगणारे बंदर.

आता अरबी समुद्र स्वतःच तापतो आहे. हवामान बदलामुळे ज्या माशांना आधीच जागा सोडावी लागते आहे, त्यांच्यावर हवामान बदलाच्या उपायाचा आणखी एक डोस. यात विरोधासाठी विरोध नाही, हे कृपया समजून घ्यावे.

जुना जनित्रवाला

दर्यावर्दी यांचे आकडे मी कागदावर करून पाहिले, आणि ते बरोबर आहेत. एवढीच भर घालतो की कोळशाचे केंद्रही उष्णता बाहेर टाकते, फक्त त्याची थोडी उष्णता धुराड्यातून जाते आणि कार्यक्षमता किंचित अधिक असते, त्यामुळे युनिटमागे पाण्यावरचा भार अणुभट्टीचा जास्त पडतो. इझारकाठी यांच्या खिडकीतून दिसणारे शीतकरण मनोरे हा त्यावरचा एक मार्ग आहे, पण त्यात पाणी वाफेवाटे संपते आणि खर्च वाढतो. सहा भट्ट्या एकाच खाडीच्या तोंडाशी ठेवण्याचा आग्रह मला तेव्हाही पटला नव्हता. ही गोष्ट मी नोकरीत असताना बोललो नाही.

दर्यावर्दी

काका, आता बोललात हेही पुष्कळ झाले. धन्यवाद.

सुगरण

थोरियमबद्दल कुणीच का बोलत नाही? शाळेपासून ऐकत आलो आहोत की केरळच्या वाळूत शेकडो वर्षे पुरेल इतके थोरियम आहे.

जुना जनित्रवाला

ताई, थोरियम स्वतः पेटत नाही. त्याला आधी भट्टीत ठेवून युरेनियम-233 करून घ्यावे लागते. होमी भाभांच्या तीन टप्प्यांच्या आराखड्यात थोरियम तिसऱ्या टप्प्यात येते. दुसऱ्या टप्प्यातली तमिळनाडूतल्या कल्पाक्कमची 500 मेगावॅटची द्रुतप्रजनक भट्टी (जळते त्याहून जास्त इंधन तयार करणारी) 2004 मध्ये बांधायला घेतली आणि तिचा गाभा भरायला सुरुवात झाली मार्च 2024 मध्ये. ओले लाकूड चुलीत घालण्याआधी ते वाळवायलाच किती काळ लागतो, ते यावरून ध्यानात यावे.

अबुधाबीकर

सगळीकडे वीस वर्षे लागतात असा समज होऊ नये म्हणून लिहितो. इथे अमिरातीत बराका येथे कोरियन कंपनीने चार भट्ट्या बांधल्या, एकूण 5,600 मेगावॅट. काम 2012 मध्ये सुरू झाले, पहिली भट्टी 2020 मध्ये वीजजाळ्याला जोडली गेली, चौथी मार्च 2024 मध्ये. आज या देशाची सुमारे पाव वीज तिथून येते, आणि उन्हाळ्यात इथले वातानुकूलन रात्रभर चालते हे लक्षात घेतले तर ती रात्रीची वीज किती मोलाची आहे हे कळेल.

एकच आराखडा चार वेळा बांधला हे त्यातले गुपित. आपणही 2017 मध्ये 700 मेगावॅटच्या दहा स्वदेशी भट्ट्यांना एकगठ्ठा मंजुरी दिली, ती याच विचाराने. मात्र प्रांजळपणे हेही सांगतो की बराका वाळवंटात आहे, तिथे कुणाचा सातबारा नव्हता आणि जनसुनावणीही नव्हती.

हिशोबनीस

एकच आराखडा पुन्हा पुन्हा बांधावा हे मान्य. म्हणूनच माडबनसाठी निवडलेल्या फ्रेंच भट्टीकडे पाहावे. फ्रान्सने स्वतःच्या भूमीवर फ्लामाव्हिल येथे ती 2007 मध्ये बांधायला घेतली, खर्चाचा अंदाज 3.3 अब्ज युरो आणि मुदत 2012. ती जाळ्याला जोडली गेली डिसेंबर 2024 मध्ये, आणि खर्च गेला 13.2 अब्ज युरोंवर. फिनलंडमधली तशीच भट्टी 2005 ते 2023 चालली होती, म्हणजे बांधली जात होती. चीनने तैशान येथे दोन भट्ट्या तुलनेने लवकर उभ्या केल्या, परंतु आपल्याकडे जे घडेल ते चीनपेक्षा फ्रान्ससारखे असेल असे मानणे शहाणपणाचे आहे. रत्नागिरी जिल्ह्याने एकदा एन्रॉनच्या करारात विजेचा दर पाहिलेला आहे, आणि 2001 मध्ये वीज मंडळाला ती वीज घेणे थांबवावे लागले हेही पाहिलेले आहे. दुसऱ्यांदा दर न विचारता सही करण्याची हौस कुणाला असेल?

कलम सतरा

दराइतकाच महत्त्वाचा मुद्दा जबाबदारीचा आहे, आणि तो अजून कुणी काढलेला नाही. 2010 च्या आण्विक दायित्व कायद्यात भोपाळच्या अनुभवामुळे एक असाधारण तरतूद आली होती. सदोष सामग्रीमुळे अपघात झाला तर भट्टी चालवणाऱ्याला पुरवठादाराकडून भरपाई वसूल करता येईल, अशी ती होती. परदेशी कंपन्यांना ती कधीच रुचली नाही, आणि जैतापूरची वाटाघाट इतकी वर्षे रखडण्याचे ते एक मोठे कारण होते. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने "शांती" कायदा मंजूर केला, 1962 चा अणुऊर्जा कायदा आणि 2010 चा दायित्व कायदा दोन्ही रद्द झाले, खाजगी कंपन्यांना दार उघडले, आणि करारात लिहून घेतल्याशिवाय किंवा हेतुपुरस्सर कृत्य असल्याशिवाय पुरवठादाराकडे बोट दाखवता येणार नाही अशी स्थिती आली. सर्वांत मोठ्या भट्टीसाठीही चालकाच्या दायित्वाची कमाल मर्यादा 3,000 कोटी रुपये आहे. फुकुशिमानंतर तिथल्या वीज कंपनीला द्यावी लागलेली भरपाई दहा लाख कोटी येनांच्या पुढे गेली. मर्यादेपुढचा भार सरकारवर, म्हणजे अखेर तुमच्या-माझ्यावर.

अणुऊर्जा नियामक मंडळाला नव्या कायद्याने वैधानिक दर्जा मिळाला, ही त्यातली चांगली बाजू नोंदवतो.

अबुधाबीकर

पण जोखीम अमर्याद ठेवली तर कुणी विमाच देणार नाही, आणि मग एकही भट्टी होणार नाही. धरणांना अशी मर्यादा कुठे विचारतो आपण?

कलम सतरा

धरण फुटल्यावर ती जमीन शंभर वर्षे कुंपणात ठेवावी लागत नाही. परंतु आपला आक्षेप अगदीच गैरलागू नाही, पानशेतची भरपाई कुणी कुणाला दिली हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

मधली सुट्टी

कृपया तो धागा काढू नये. पुण्यातल्या सभासदांना त्यानंतर आवरणे नियामक मंडळालाही जमणार नाही.

कातळसडा (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. मी गेले चार दिवस हे सगळे पुन्हा पुन्हा वाचतो आहे. मी दोन प्रश्न एकात गुंडाळले होते, आणि रानवाटा यांच्या छोट्या प्रतिसादामुळे ते सुटे झाले.

पहिल्या प्रश्नावर माझे मत बदलले आहे. कोळसा खरोखर जायचा असेल तर काकांच्या त्या शेवटच्या तीस टक्क्यांत अणुविजेला जागा आहे असे आता मला वाटते. चालू भट्ट्या नीट राखणे, आणि 700 मेगावॅटची स्वदेशी भट्टी आहे त्याच जागांवर पुन्हा पुन्हा बांधत हात बसवणे, याला मी विरोध करणार नाही. पण येत्या दहा वर्षांतले उत्सर्जन त्यामुळे कमी होणार नाही. ते कमी करायचे तर ऊन, वारा आणि घाटघरसारखी तळी यांवरच भिस्त ठेवावी लागेल, आणि 2047 चा आकडा दाखवून आजची ही कामे मागे ढकलली जात असतील तर तो आकडा हवामानाचा मित्र नाही.

दुसऱ्या प्रश्नावर माझे मत बदललेले नाही. 2010 मध्ये गाजावाजा करून करार झाला, आणि आजतागायत त्या सड्यावर एकही भट्टी उभी नाही. हा उशीर आमच्या आंदोलनामुळे झाला असे म्हणणाऱ्यांनी फ्लामाव्हिलला कोणत्या गावाने अडवले होते ते सांगावे. सहा प्रचंड भट्ट्या, न ठरलेला दर आणि 21 हजार क्युसेक कोमट पाणी यांना नको म्हणण्यासाठी अणुविजेचा शत्रू असावे लागत नाही. मात्र त्या वेळी सभेत "किरणोत्साराने आंबे विषारी होतील" असे जे आम्ही बोललो, ते आम्ही तपासून बोललो नव्हतो, आणि त्यातली काही वाक्ये माझीही होती.

जुना जनित्रवाला

कातळसडा, शेवटचे वाक्य लिहिलेत म्हणून मीही एक लिहितो. "अणुवीज आली की कोळसा जाईल" असे आम्हा अभियंत्यांनीही तपासून म्हटलेले नाही. मागणी अशीच वाढत राहिली तर दोन्ही चालू राहतील, याचीच शक्यता मला अधिक दिसते. कोणता कोळसा संच कोणत्या वर्षी बंद होणार याची यादी 100 गिगावॅटच्या घोषणेसोबत कुणी पाहिली आहे का?

हिशोबनीस

काका, मी शोधली. जुने 210 मेगावॅटचे संच बंद करण्याबद्दल अधूनमधून बोलले जाते, पण अमुक भट्टी सुरू झाली की तमुक संच बंद, अशी जोडी लावलेला कागद मला तरी सापडलेला नाही. कुणाकडे असल्यास इथे द्यावा.